नाणी विकायचे न मागता आलेले ईमेल: खरे की खोटे, तुम्ही कसं ठरवता?

ताम्रवेडा | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी कराडचा. बारा वर्षं झाली, तांब्याच्या शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली नाणी, जमवतोय. अधूनमधून ब्रिटिश अमदानीतले चांदीचे रुपयेही घेतो. दुकानं, प्रदर्शनं आणि ओळखीचे दोन-तीन विक्रेते, एवढंच माझं जग.

गेल्या दोन महिन्यांत मात्र अनोळखी लोकांचे सात ईमेल आले. सगळ्यांना नाणी विकायची आहेत. पहिले सहा मी उडवून टाकले. काल आलेला सातवा काही केल्या मनातून जाईना, म्हणून हा धागा.

मेल लिहिणारा म्हणतो, त्याचे आजोबा रेल्वेत होते आणि त्यांचा संग्रह आता घरचे विकताहेत. अकरा नाण्यांची यादी दिलीय. त्यात सहा शिवराया, चार साधे रुपये आणि एक १९३९ चा रुपया! फोटो स्वच्छ आहेत. पत्ता पुण्याचा आहे, खाली जीएसटी नंबरही टाकलाय. भाव बाजारापेक्षा थोडा कमी आहे, पण फुकट वाटल्यासारखा नाही. ५००० रुपये आगाऊ पाठवले की नाणी माझ्यासाठी राखून ठेवतील म्हणे.

१९३९ चा रुपया मी आजवर फक्त काचेआड पाहिलाय. हातात घ्यायची फार इच्छा आहे, आणि त्या इच्छेचीच भीती वाटते. असे मेल खरे की खोटे हे तुम्ही कशावरून ठरवता?

जुनाबाजार | शनिवार, रात्री १०:२०

लबाडाघरचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही. उडवा.

भिंगवाला | शनिवार, रात्री ११:०५

उडवायच्या आधी जरा थांबा. या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण त्यांची सरमिसळ करतो.

एक, मेल पाठवणारा माणूस तो सांगतोय तोच आहे का? दोन, नाणं अस्सल आहे का? तीन, हा माल विकायचा त्याला हक्क आहे का? माणूस अस्सल आणि नाणं नकली, असं होतं. नाणं अस्सल आणि माणूस चोर, असंही होतं. तिन्हींची उत्तरं निरनिराळ्या वाटांनी शोधावी लागतात. फोटो बघून एकाचंही मिळत नाही.

तिसऱ्या प्रश्नाकडे लोक फार दुर्लक्ष करतात. मला एकदा मेल आला होता, 'शेत नांगरताना हंडा सापडला, गुपचूप विकायचाय.' १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. म्हणजे ती हकीकत खोटी असेल तर फसवणूक, आणि खरी असेल तर गुन्ह्यात भागीदारी. दोन्हीकडून आपणच मरतो.

आता १९३९ च्या रुपयाबद्दल. जॉर्ज सहाव्याचा, ९१.७ टक्के चांदीचा हा शेवटचा रुपया. फारच थोडे टिकले, म्हणून भाव आहे आणि म्हणूनच नकलाही आहेत. नेहमीची युक्ती म्हणजे १९३८ च्या रुपयातला ८ कोरून ९ करायचा. बाकी नाणं अस्सलच असतं, त्यामुळे वजन, चांदी, आवाज सगळं बरोबर येतं. भिंगाखाली फक्त शेवटचा आकडा आणि त्याच्या आजूबाजूचा पृष्ठभाग बघायचा. कोरलेल्या जागी जमीन किंचित खोल जाते, किंवा तिथली चमक बाकी नाण्यापेक्षा वेगळी दिसते.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, उपयोगी पडेल. युद्धकाळात चांदी टंचाईत आली आणि रुपया ५० टक्के चांदीवर आला. बाकी ४० टक्के तांबं, ५ निकेल, ५ जस्त. वजन तेच ठेवलं, ११.६६ ग्रॅम. त्या रुपयांना नकलाकारांना रोखायला वेगळी कड दिली, दात्यांच्या मधोमध फिरणारी एक खोबण. १९३९ च्या रुपयाची कड साधी दातेरी, तिला खोबण नाही. म्हणून विक्रेत्याकडे कडेचा फोटो नेहमी मागावा. समोरचे-मागचे फोटो सगळेच पाठवतात.

सर्व्हरवाली | शनिवार, रात्री ११:४०

नाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. नवरा जमवतो, मी धूळ पुसते. पण ईमेल हा माझा रोजचा धंदा, तेव्हा पहिल्या प्रश्नावर लिहिते.

नाव बघू नका, पत्ता बघा. नावाच्या जागी कुणीही काहीही लिहू शकतो. मग 'उत्तर पाठवा' दाबलं की कुठला पत्ता येतो ते बघा. मेल एका पत्त्यावरून आणि उत्तर भलत्याच पत्त्यावर जात असेल, तर तिथेच सावध व्हा. जीमेलमध्ये कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत मूळ संदेश बघायची सोय आहे. तिथे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन ओळी दिसतात. त्या नापास असतील तर त्या नावाच्या सर्व्हरवरून हा मेल निघालेलाच नाही असं धरून चाला.

पण उलट वाचू नका! त्या पास झाल्या म्हणजे माणूस प्रामाणिक, असं मुळीच नाही. चोरानेही स्वतःचं डोमेन नीट विकत घेतलं असेल तर तो तिन्हींत पास होतो. डोमेन कधी नोंदवलंय तेही बघता येतं. 'तीन पिढ्यांची पेढी' म्हणणाऱ्याचं संकेतस्थळ महिनाभरापूर्वीचं असेल तर विचारा त्याला.

ताम्रवेडा, मेलमधल्या लिंकवर किंवा जोडलेल्या फाइलवर टिचकी मारली नाहीत ना?

ताम्रवेडा | शनिवार, रात्री ११:५२

नाही ताई, फोटो मेलमध्येच होते. मेल साध्या जीमेल पत्त्यावरून आलाय, त्यामुळे तिन्ही ओळी पास आहेत. म्हणजे त्यातून काहीच कळलं नाही.

सर्व्हरवाली | शनिवार, रात्री ११:५५

बरोबर. हा खातं उघडणारा खराच कुणीतरी आहे, एवढंच कळलं. फोटो मला व्यक्तिगत संदेशात पाठवा, उद्या शोधून बघते.

वांगीभात | रविवार, सकाळी ८:१५

आमच्या सासूबाईंनी ट्रॅक्टरवाली पाचाची नोट देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या पाठीमागे ठेवलीय. व्हॉट्सॲपवर कुणीतरी सांगितलं की तिचे लाखो मिळतात. रोज हळदकुंकू लागून ती नोट आता ओळखूही येत नाही :)

हसू येतं खरं, पण त्यांना फोनही आला होता. पलीकडचा म्हणे रिझर्व्ह बँकेतून बोलतोय, नोट घ्यायला माणूस येईल, आधी नोंदणीचे पैसे भरा. नशीब, त्यांनी मुलाला विचारलं.

भिंगवाला | रविवार, सकाळी ८:५०

वांगीभात, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार, मुलाला विचारलं हे फार शहाणपणाचं केलं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याच प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला होता. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीशी बँकेचा संबंध नाही, ती त्यासाठी कसलंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही, आणि तिच्या नावाने ते घ्यायचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. मेलवर बँकेचं चिन्ह असेल तर तोच खोटेपणाचा पुरावा समजा.

तसंच ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं राम दरबाराचं किंवा हनुमानाचं नाणं. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. ती बाजारात मिळणारी टिकली-बिल्ल्यांच्या जातीची वस्तू आहे. त्याने तांदूळ ओढले जातात वगैरे सांगून लोकांना लाखोंना बुडवलंय.

दुकानदार_काका | रविवार, सकाळी १०:३०

मी दुसरी बाजू मांडतो. रागावू नका, पण हा धागा वाचून मला जरा लागलं.

मी ३० वर्षं या धंद्यात आहे. १०० वर्षांहून जुना माल विकायला लागतो तो पुरातत्त्व खात्याचा परवाना माझ्याकडे आहे. मीही न मागता मेल पाठवतो, कारण पाय दुखतात, प्रदर्शनं फिरणं होत नाही. पाठवलेल्या शंभर मेलपैकी नव्वदांना उत्तरच येत नाही, आणि दोघं-तिघं तर थेट चोर म्हणतात. न मागता आला म्हणजे खोटा, हे सूत्र चुकीचं आहे. भाजीवालाही न बोलावता दारावर येतो.

खऱ्या विक्रेत्याच्या मेलमध्ये काय असतं ते सांगतो. प्रत्येक नाण्याचं वजन ग्रॅममध्ये, व्यास मिलिमीटरमध्ये. दोष स्वतःहून लिहिलेले असतात: 'कडेला ठेच', 'भोक बुजवलेलं', 'घासून धुतलेलं'. माल पसंत नसेल तर किती दिवसांत परत, ते असतं. पक्कं बिल असतं. आणि मुख्य म्हणजे घाई नसते. चांगलं नाणं माझ्या कपाटात वर्षभर पडून असतं, त्याला गिऱ्हाईक आज रात्रीच मिळालं पाहिजे असं काही नाही.

तुमच्या माणसाचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघा. पंधरा अक्षरं असतात. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा म्हणजे पॅन. पोर्टलवर धंद्याचं नाव दिसतं आणि नोंदणी चालू आहे की रद्द तेही दिसतं.

ताम्रवेडा | रविवार, सकाळी ११:१८

काका, तुमच्यासारख्यांबद्दल कुणाच्याच मनात काही नाही. उलट हीच माहिती हवी होती.

नंबर बघितला. सुरुवात ०७ ने आहे, म्हणजे दिल्ली. नोंदणी चालू आहे, पण नाव एका कापड व्यापाऱ्याचं दिसतंय. त्याला मेल करून विचारलं. पाच मिनिटांत उत्तर आलं: मोठ्या भावाची दिल्लीत फर्म आहे, बिल तिथून फाडतो. आता हे अशक्य तर नाही ना? वजनं मात्र एकाही नाण्याची दिलेली नाहीत. मागितली तर म्हणाला, घरी काटा नाही.

जुनाबाजार | रविवार, सकाळी ११:२५

किराणा दुकानात तरी काटा असतोच की. उडवा हो.

मडगावकर | रविवार, दुपारी १२:४०

हांव गोंयचो. पोर्तुगीज काळातली नाणी जमवतो, तांब्याचे टांगा आणि चांदीच्या रुपिया. एक विचारतो, तुमचा ईमेल पत्ता त्याला मिळाला कुठून, हे कुणी विचारलंच नाही!

मला असे मेल सुरू झाले ते एका प्रदर्शनानंतर. दारात वही ठेवली होती, त्यात नाव, गाव, फोन, ईमेल आणि 'कशाचा संग्रह करता' असा रकाना. मी झोकात लिहिलं, 'इंडिया पोर्तुगेझा, डॉम लुईझची चांदीची रुपिया'. पंधरा दिवसांत मेल आला, आमच्याकडे १८८१ ची रुपिया आहे म्हणून. मला वाटलं देवच पावला. नंतर माझ्या मित्राला, ज्याने त्याच वहीत 'मोगल' लिहिलं होतं, मोगल मोहरांचा मेल आला. तोच माणूस, तीच आजोबांची गोष्ट. वहीचा कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला असणार. आयोजकांना मी दोष देत नाही, पण आता मी वहीत फक्त नाव लिहितो.

ताम्रवेडा | रविवार, दुपारी १२:५८

मडगावकर, अंगावर काटा आला. मी दिवाळीनंतर एका प्रदर्शनाच्या वहीत लिहिलं होतं, 'शिवराई आणि जॉर्ज सहाव्याचे रुपये'. यादी बघा, सहा शिवराया आणि जॉर्ज सहाव्याचा सगळ्यात दुर्मीळ रुपया. माझ्याच आवडीने शिवलेला सदरा मला घालायला दिलाय.

गोदाकाठ | रविवार, दुपारी ३:३०

सगळं पटतंय. तरीही मी माझी एक गोष्ट सांगणार आहे, कारण 'उडवा' हे उत्तर मला बोचतंय.

चार वर्षांपूर्वी मला एक मेल आला. विषय लिहिलेलाच नव्हता. आत मोडक्यातोडक्या मराठीत चार ओळी: मिस्टरांची नाणी आहेत, ते गेले, मुलगा म्हणतो भंगारात द्या, तुमचं नाव त्यांच्या वहीत सापडलं. ना फोटो, ना भाव. मला फसवणूकच वाटली आणि मी आठवडाभर उत्तर दिलं नाही. मग वाटलं, भाव न सांगणारा चोर कसला? फोन नंबर मागितला. पलीकडे सत्तरीच्या बाई, नाशिकपासून दोन तासांवरच्या गावातल्या.

नवऱ्याला घेऊन गेले. बिस्किटांच्या डब्यात कापडाच्या पुरचुंड्या, प्रत्येकीवर शाईने लिहिलेली चिठ्ठी. संस्थानी नाणी होती. बडोदा, ग्वाल्हेर, कच्छ. एका पुरचुंडीत कच्छचं पाच कोरींचं नाणं (कोरी हे तिथलं चलन), १९३६ चं, आठव्या एडवर्डच्या नावाचं. तो राजा वर्ष पुरं व्हायच्या आत गादी सोडून गेला. ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयावर तो आलाच नाही, पण कच्छच्या टांकसाळीने त्याच्या नावाने नाणी पाडली. गृहस्थांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'भुज, १९५८, हॉटेलात सुट्टे पैसे मोजताना मिळालं.' त्या बाई चिठ्ठी वाचून रडल्या. त्यांना हे माहीतच नव्हतं.

आम्ही त्यांना आधी दोन विक्रेत्यांकडून भाव काढून दिले, मगच थोडी नाणी घेतली. चिठ्ठ्या त्यांच्याकडेच आहेत, प्रती आमच्याकडे.

ती पहिली चार वाक्यं मी कचऱ्यात टाकली असती तर तो डबा भंगारात गेला असता.

दुकानदार_काका | रविवार, दुपारी ३:४२

गोदाकाठ ताई, मनापासून आभार. आधी भाव काढून दिलात, ते फार मोठं काम केलंत.

परदेशी_पाखरू | रविवार, सायंकाळी ६:२०

न्यू जर्सीहून. इथे आम्हाला उलटे मेल येतात: 'भारतातून थेट, सातवाहन आणि क्षत्रप नाणी, घरपोच पाठवू.' इथल्या मराठी संग्राहकांना गावाकडच्या मातीचं नाणं म्हटलं की मोह होतो, मलाही झाला. पण भारताच्या १९७२ च्या पुरावशेष कायद्याने १०० वर्षांहून जुनं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवताच येत नाही. म्हणजे तो मेल शंभर टक्के खरा असला तरी घ्यायचा नाही. भिंगवाला यांचा तिसरा प्रश्न तो हाच.

दुसरं. बंद डबीतली, एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी पारखणाऱ्या संस्थांनी प्रमाणित केलेली नाणी मेलवर आली की लोक निर्धास्त होतात. डब्याही नकली निघतात. डबीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः टाइप करून बघा. बहुतेकदा तिथे फोटोही असतो, तो ओरखड्यागणिक ताडून बघा. मेलमध्ये दिलेल्या 'तपासा' लिंकवर जाऊ नका, ती चोराच्याच पानावर नेते.

भिंगवाला | रविवार, सायंकाळी ७:१०

क्षत्रपांचा विषय निघालाच आहे तर माझीच ठेच सांगतो. दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या, सज्जन विक्रेत्याचा मेल आला. क्षत्रप राजा नहपानाचा चांदीचा द्रम्म, त्यावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने वरून मारलेला ठसा. माणूस खरा, बिल खरं. मी डोळे झाकून घेतलं.

महिन्याने एका मित्राकडे तसंच नाणं दिसलं. शेजारी ठेवून भिंग लावलं आणि पोटात खड्डा पडला. राजाच्या गालावर एक बारीक तिरपा ओरखडा होता, दोन्ही नाण्यांवर, त्याच जागी, त्याच लांबीचा. ठसा एकच असू शकतो, पण ओरखडा नाणं वापरताना पडतो. तो दोन नाण्यांवर सारखा येऊच शकत नाही. म्हणजे दोन्ही एकाच साच्यातली ओतीव. मग कड नीट बघितली तर कानशीने घासून साफ केलेली शिवण दिसली.

विक्रेत्याला कळवलं. तोही दुसऱ्याकडून फसला होता. पैसे त्याच दिवशी परत केले, आणि त्या लॉटमधली बाकी नाणी कुणाकुणाला दिली त्यांना स्वतः फोन केले. खरा मेल, खोटं नाणं. पण विक्रेता खरा होता म्हणून निस्तरता आलं.

गोदाकाठ | रविवार, सायंकाळी ७:३५

भिंगवाला, तुम्ही आमच्या जोगळटेंभीच्या नाण्यांचं नाव काढलंत! १९०६ मध्ये नाशिकजवळ तिथे नहपानाच्या १३ हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, आणि त्यातल्या ९ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला होता. हरलेल्या राजाचं नाणं वितळवायचं नाही, त्याच्यावरच आपली निशाणी उमटवायची. ते नाणं हातात धरलं की दोन राजे एकदम हातात येतात.

कुणाला अस्सल नाण्यांवर डोळा तयार करायचा असेल तर अंजनेरीची नाणकशास्त्र संस्था आणि तिथलं संग्रहालय जरूर बघा. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय आहे. अस्सल नाणी शेकड्याने बघितली की नकली आपोआप खुपायला लागतं.

सर्व्हरवाली | रविवार, रात्री ९:०५

धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे येते. फोटो उलटे शोधले. सहा शिवरायांचं काही सापडलं नाही. पण १९३९ च्या रुपयाचा फोटो एका जुन्या लिलावाच्या यादीत जसाच्या तसा आहे. राजाच्या कानामागचा काळा डागसुद्धा तोच. फक्त पार्श्वभूमी काळ्याची निळी केलीय.

जुनाबाजार | रविवार, रात्री ९:०८

झालं. कुलूप लावा धाग्याला.

दुकानदार_काका | रविवार, रात्री ९:३०

एक मिनिट. आजोबांनी तेच नाणं त्या लिलावात घेतलं असेल, आणि नातवाने फोटो काढायचा कंटाळा करून तोच चिकटवला असेल, तर? मी त्याची वकिली करत नाही. पण ज्याच्यावर आळ घेतोय त्याला सिद्ध करायची एक संधी द्यावी. नाणं हातात असेल तर नवा फोटो काढायला दोन मिनिटं लागतात.

भिंगवाला | रविवार, रात्री ९:४४

काकांशी सहमत. ताम्रवेडा, त्याला तीन गोष्टी मागा. नाण्याशेजारी आजची तारीख आणि 'कराड' असं हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो. शेवटच्या आकड्याचा जवळून फोटो. आणि कडेचा. जोडीला म्हणा, पुण्यात येऊन रोख देतो, नाणं एखाद्या जाणत्याच्या दुकानात बघू. यातलं काय तो टाळतो ते बघा.

ताम्रवेडा | सोमवार, रात्री ९:५०

मंडळी, निकाल लागला.

सकाळी मेल केला. दुपारपर्यंत तीन निरोप आले की दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आगाऊ रक्कम लगेच यूपीआयने पाठवा, थोडी कमीही चालेल. ५००० चे ३००० झाले, मग २०००. प्रत्यक्ष भेटीला नकार, कारण तो 'सध्या बाहेरगावी' आहे. मी फोटोंवर अडून बसलो. संध्याकाळी एक फोटो आला, कडेचा.

मी तो मोठा करून बघितला. बोटांच्या चिमटीत उभं धरलेलं नाणं, नखाखाली थोडी हळद. दाते एकसारखे, आणि त्यांच्या बरोबर मधून फिरणारी एक खोबण. सरळ, स्पष्ट. हातातला रुपया युद्धकाळातला, ५० टक्के चांदीचा होता. १९३९ चा नव्हताच. भिंगवाला, तुम्ही शनिवारी ते लिहिलं नसतं तर मी त्या कडेकडे बघून 'वा, काय छान दाते आहेत' म्हटलं असतं.

एवढंच कळवलं त्याला: 'या कडेला खोबण आहे.' उत्तर नाही. तासाभराने दुसरा मेल टाकला तर तो पत्ता बंद झाल्याचं परत आलं. पैसे गेले नाहीत, तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर सगळे मेल आणि यूपीआय नंबर जोडून तक्रार नोंदवली.

सर्व्हरवाली | सोमवार, रात्री ९:५८

तक्रार केलीत ते उत्तम. कुणाचे पैसे गेलेच असतील तर वाट न बघता लगेच १९३० वर फोन करा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवता यायची शक्यता जास्त.

परदेशी_पाखरू | सोमवार, रात्री १०:१०

अभिनंदन! खोबणीने वाचवलं. तेव्हाच्या टांकसाळीने नकलाकारांसाठी केलेली सोय आज, एवढ्या वर्षांनी, कामी आली.

ताम्रवेडा | सोमवार, रात्री ११:३०

अजून एक सांगायचं राहिलं. गोदाकाठ ताईंची गोष्ट वाचल्यापासून ते उडवलेले सहा मेल डोक्यात होते. जीमेलच्या कचऱ्यात मेल ३० दिवस राहतात. मघाशी उघडून बघितलं. चार गेले होते. उरलेल्या दोनांतला एक राम दरबारवाला.

दुसरा वाईहून आलाय, तीन आठवड्यांपूर्वी. निवृत्त शिक्षिका आहेत. लिहिलंय, 'वडिलांच्या पेटीत तांब्याची जाड नाणी आहेत, एका बाजूला श्री राजा शिव असं वाचता येतं, दुसरी बाजू कळत नाही. तुम्ही मागे आमच्या शाळेत नाणी दाखवायला आला होतात. विकायची की ठेवायची ते सांगाल का?'

मी तीन वर्षांपूर्वी त्या शाळेत गेलो होतो. त्यांनी माझा पत्ता जपून ठेवला आणि मी त्यांचा मेल विषय वाचून उडवला.

गोदाकाठ | सोमवार, रात्री ११:३६

उद्या सकाळी पहिला फोन त्यांना करा.

भिंगवाला | सोमवार, रात्री ११:४१

काटा आणि भिंग बरोबर न्या. आणि फोनवरच सांगा, नाणी धुवू नका म्हणावं.

ताम्रवेडा | मंगळवार, सकाळी ९:०५

फोन केला. बाईंनी नाणी काल रात्रीच चिंचेच्या पाण्यात टाकायला काढली होती, 'पाहुणे बघायला येतील तेव्हा स्वच्छ दिसावीत' म्हणून. चिंच अजून भिजायची होती. थांबवलं. नऊ नाणी आहेत म्हणाल्या. दुसऱ्या बाजूला काय दिसतं विचारलं, तर खिडकीपाशी जाऊन एकेक अक्षर वाचून दाखवलं: छ... त्र... मग एक अक्षर झिजलेलं... ति.

गुरुवारी वाईला जातोय.